नव्या सॉकेटवर जुना ब्लॉक

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ऐश्वर्याचा फोन वाजला आणि पलीकडच्या माणसाने तिला मॅडम म्हटलं. डोंबिवलीतल्या आपल्या गाळ्यात ती एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधली धूळ ब्रशने काढत होती. आवाज ओळखायला तिला पुरतं वाक्यही लागलं नाही. शब्दाच्या शेवटी हसू ठेवून द्यायची त्याची सवय तशीच होती. कोलशेतहून अपूर्व गुप्ते बोलतोय, ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे आमचा, 'गारवा सिस्टिम्स' तुमचंच ना? त्याच्याकडे एक जुना वॉटर ब्लॉक होता. नवं मशीन घेतलं होतं, प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, तो बसतो ते सॉकेट वेगळं, भोकं जुळत नव्हती. दोघातिघांनी नवा ब्लॉक घ्या म्हणून सांगितलं, पण त्याला हाच बसवून हवा होता. लकी आहे तो, असं म्हणून तो हसला. ऐश्वर्याने कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारते तेवढेच प्रश्न विचारले, त्याच क्रमाने. मग ती म्हणाली, होईल. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की ब्रश तिने इतका घट्ट धरला होता की त्याचा दांडा तळहातावर उमटला आहे. तिने ती खूण बोटाने चोळली नाही. हळूहळू जाऊ दिली.

तो ब्लॉक तिने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवला होता. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारी तांब्याची वडी, वर जाड पारदर्शक झाकण, मध्ये रबराची रिंग. एका नळीतून पाणी आत येतं, तांब्याची धग उचलतं आणि दुसऱ्या नळीतून निघून जातं. पाणी आणि वीज यांच्यामध्ये ती रिंग, बाकी काही नाही. तेव्हा ती अपूर्वच्याच स्टुडिओत नवी होती, नोकरी पक्की व्हायची होती. तिथे आणखी एक ऐश्वर्या होती, घोडबंदर रोडची, जुनी. म्हणून हिला गावावरून सगळे टिटवाळा म्हणत. टिटवाळा, इकडे ये. टिटवाळा, केबल बघ. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, ही गंमत थांबेल. नंतर तीच टिटवाळा म्हटल्यावर मान वर करायला लागली. माणूस कशालाही ओ देतो, हे तिला तिथे कळलं. ब्लॉकच्या झाकणावर स्टुडिओचं नाव कोरून आणलं होतं, आणि ते मशीन सुरू झालं तेव्हा अपूर्व सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, पाणी कसं निळं फिरतंय ते. कोणी बसवलं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट काचेत आपला चेहरा त्या निळ्यात हलताना दिसला, हे ती घरी आईला सांगणार होती.

मग दसरा आला. स्टुडिओत मशीनची पूजा असे. झेंडूचे हार, प्रत्येक कीबोर्डवर हळदीकुंकवाची दोन बोटं, आपट्याची पानं माऊसवर. मोठ्या मशीनची काच त्या दिवशी काढून ठेवली होती, फोटोत आतलं पाणी दिसावं म्हणून. सरांनी नारळ घेतला आणि शेजारच्या लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला तो असा, की पाणी कारंजासारखं उडालं, त्यांच्या कुडत्यावर, मागच्या भिंतीवर, आणि उघड्या मशीनच्या पोटात. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, शुभ आहे म्हणून कोणीतरी ओरडलं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या ऐश्वर्याने ते थेंब मदरबोर्डवर बसलेले पाहिले, आणि तिला वाटलं, पुढे होऊन पुसावेत. पण आरती सुरू झाली होती आणि आरती चालू असताना टिटवाळ्याने मशीनमध्ये फडकं घालणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं ते जळका वास सोडूनच. एका चित्रपटाचं काम त्यात होतं, तेही गेलं. बैठकीत ती एकदाच बोलली, सर, नारळाचं पाणी उडालं होतं आत. सरांनी शांतपणे विचारलं, म्हणजे पूजेमुळे बिघडलं म्हणतेस? सगळ्यांनी पाहिलं होतं; पण देवाच्या नारळावर बोट ठेवणारं दुसरं माणूस तिथे नव्हतं. ब्लॉक नीट बसला नव्हता, पाणी गळलं, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत तिचा ड्रॉवर रिकामा झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती कदाचित विसरली असती. नोकऱ्या जातात. पण आठवड्याने तिचे वडील धाकू, तिचे अण्णा, न सांगता कोलशेतला गेले. रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकण्यात त्यांची उमर गेली होती आणि साहेबासमोर उभं राहिलं की काम होतं हा त्यांचा अनुभव होता. परसातल्या भेंडीची पिशवी घेऊन ते स्टुडिओच्या दारात दिवसभर बसले. सर बाहेर आले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, पोरीकडून चूक झाली साहेब, तिला पदरात घ्या. हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, काहीतरी मिळवून आल्यासारखं. साहेब चांगला माणूस आहे गं, रागावला नाही. मग ते माठाशी गेले आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायले. ऐश्वर्या दारात उभी राहून त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत राहिली. न केलेल्या चुकीची माफी तिच्या बापाने मागितली होती, आणि आता ती चूक तिची झाली होती. कागदाने नाही झाली, जोडलेल्या हातांनी झाली. पुढे टिटवाळ्यात ती गोष्ट गमतीची होऊन बसली. तिच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांनाही अण्णांनी सांगितलं, हिने एकदा साहेबाचा कंप्युटर बुडवला. सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याच्या खाली तिने डूख धरला. तिने तो लोणच्यासारखा सांभाळला, ओला हात लागू न देता. ठाकुर्लीच्या संसारात, गाळ्याच्या भाड्यात, नवऱ्याशी होणाऱ्या साध्या बोलण्यात तो कुठेच दिसत नसे. सुमितला वाटे, आपली बायको फारच थंड डोक्याची आहे. तिच्या हाताखालून गेलेला एकही ब्लॉक कधी गळला नव्हता. लोक म्हणत, हातात देव आहे. ती म्हणे, सवय आहे.

शुक्रवारी दुपारी तिने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि एक नवी रिंग घेतली. सहा वर्षं जुन्या ब्लॉकला नवी रिंग घालायचीच असते, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नसतं. ब्लेडने तिने आतल्या कडेला एक चीर दिली, केसाएवढी, डोळ्याला न दिसणारी. मग ती रिंग आपल्याकडच्या एका फुटकळ ब्लॉकमध्ये बसवून पंपाला जोडली. थंड पाण्यावर ती रिंग रात्रभर कोरडी राहिली. सकाळी तिने गरम पाणी सोडलं, चहाला लागतं तितकं कढत, आणि खुर्चीत बसून राहिली. बऱ्याच वेळाने झाकणाच्या कडेला एक थेंब आला. तो फुगला, थांबला आणि खाली उतरला. तिला आनंद झाला नाही. एखादं गणित बरोबर सुटल्यावर होतं तसं नुसतं शांत वाटलं, आणि त्या शांततेचीच थोडी भीती वाटली. आपण हे इतकं नीट करतोय. राग आलेल्या माणसाने वस्तू फेकाव्यात, शिव्या द्याव्यात. ही मात्र चाचणी घेत होती. तिने थेंब पुसला. चीर दिलेली रिंग एका पुडीत आणि चांगली दुसऱ्या पुडीत ठेवली, दोन्ही पुड्या बॅगेत टाकल्या, आणि स्वतःला सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही.

माणकोलीच्या पुलावरून स्कूटर नेताना खाडीचा वारा अंगावर येत होता. कोलशेतला जुन्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि स्टुडिओ आता दोन मजल्यांचा झाला होता. दारातली ती जागा मात्र होती, जिथे अण्णा बसले असणार. तिथे आता काचेच्या कुंडीत बांबू लावला होता. सिस्टिमचं सगळं बघणारी सोनल तिला आत घेऊन गेली. साधारण तिच्याच वयाची, कळव्याला राहणारी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि केसांत पेन्सिल खोचलेली. ब्लॉक मखमली पेटीत होता. सोनल म्हणाली, "सर ह्याला जावयासारखं वागवतात बघा. आम्हाला दिवाळीला मिठाईचा डबा, ह्याला मखमल." ऐश्वर्याला हसू आलं आणि आल्याबद्दल राग आला. ह्या घरात कोणी आवडावं अशी तिची तयारी नव्हती.

ब्लॉकची जुनी पकड चौकोनी होती, नव्या सॉकेटची भोकं लांबट आयतावर. नव्या बोर्डाच्या मागची पट्टी काढायची नव्हती, तीच प्रोसेसरला धरून असते; पुढचे प्लास्टिकचे कंस काढून त्या भोकांत नवे खांब लावायचे आणि ब्लॉकची पकड बदलायची. पण ह्या जातीच्या ब्लॉकमध्ये पकड झाकण आणि तांबं यांच्यामध्ये अडकलेली असते. ती बदलायची तर ब्लॉक उघडावाच लागतो. ऐश्वर्याने स्क्रू सैल केले, एक कोपरा, मग समोरचा कोपरा, आणि झाकण उचललं. रिंग तिच्या खाचेत बसलेली होती. कुठे चेपलेली नाही, कुठे पिळलेली नाही. तिने तेव्हा बोटाने लावलेल्या ग्रीसचा पातळ थर अजून तिच्यावर होता. सहा वर्षांत हा ब्लॉक कोणी उघडलाच नव्हता. म्हणजे तो गळला, असं म्हणणाऱ्यांनीसुद्धा कधी उघडून पाहिलं नव्हतं. त्यांना पाहायची गरज नव्हती. ती रिंग तिने चिमट्याने उचलली आणि उजेडात धरली. हे बघा, असं कोणाला तरी म्हणावं अशी तिच्या छातीत उबळ आली. समोर फक्त सोनल होती, आणि सोनलने विचारलं की खराब झाली आहे का. नाही, ऐश्वर्या म्हणाली, चांगली आहे, पण बदलते. चांगली वस्तू का बदलायची हे सोनलने विचारलं नाही. त्या क्षणी ऐश्वर्याला वाटलं, पुरे झालं. मला कळलं तेवढं पुरे. तिचा हात बॅगेतल्या चांगल्या रिंगच्या पुडीकडे गेला, आणि तेवढ्यात अपूर्व सर आत आले.

केस पांढरे झाले होते, माणूस थोडा रुंद झाला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सरळ, आपुलकीने, आणि त्या पाहण्यात ओळखीचा कणही नव्हता. तिने केस कापले होते, चष्मा लागला होता, आडनाव बदललं होतं. तरी तिला वाटलं होतं की काहीतरी अडखळेल. काही अडखळलं नाही. स्टूल ओढून ते बसले आणि उघडा ब्लॉक बघत गप्पा मारू लागले. ह्या ब्लॉकची गंमत आहे मॅडम, ते म्हणाले, दसरा जवळ आलाय म्हणून सांगतो. आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. नारळ, टेबलाचा कोपरा, न फुटलेला पहिला फटका, कारंजं. चांगली सांगितली, पूर्वी खूपदा सांगितलेली असणार. सोनल योग्य जागी हसली. मशीन गेलं, पण हा वाचला, म्हणून लकी; तेव्हापासून आम्ही नारळ बाहेर दारात फोडतो, ते म्हणाले. ऐश्वर्याने चिमटा खाली ठेवला.

"मग तेव्हा काय ठरलं? कशाने बिघडलं म्हणून?"

"ठरणार काय. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. त्याला नारळ सांगू? एक पोरगी होती नवीन, तिने बसवलेला ब्लॉक, तिच्यावर गेलं बिचारीच्या." त्यांनी मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी. "तिचे वडील आलेले. गावाकडचे, साधे. हात जोडून उभे. मला इतकं अवघडल्यासारखं झालं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बसवलं त्यांना. चहा दिला."

त्यांना हे सगळं माहीत होतं, त्याच दिवशी माहीत होतं; त्याचा तिला धक्का बसला नाही. कुठेतरी ती ते धरूनच चालली होती. पण चहा. माठाशी उभा राहून तांब्यावर तांब्या पाणी पिणारा बाप तिच्या डोळ्यांपुढे आला, दिवसभराच्या उन्हाने लाल झालेली मान, ओठांवरची सुकलेली साल. त्या माणसाला ह्यांनी चहा दिला होता म्हणे. गुन्हा मोठा होता तो त्यांनी सहज कबूल केला, आणि खोटं बोलले ते एका कप चहासाठी. तिचा हात पुन्हा बॅगेत गेला. चीर दिलेली रिंग तिने पुडीतून काढून ग्रीस लावून खाचेत बसवली, चीर आतल्या बाजूला, त्यांच्या देखत. ते कौतुकाने बघत होते. तिने नवी पकड ठेवली, झाकण ठेवलं, स्क्रू आडवे-उभे, थोडे थोडे आवळत आणले. प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका दिला, ब्लॉक खांबांवर उतरवला. तो जागेवर असा बसला जणू त्याच सॉकेटसाठी घडवला होता. वा, सर म्हणाले, हातात देव आहे तुमच्या. आणि उठून गेले.

पाणी भरलं, मशीनची वीज तोडून फक्त पंप चालू केला, सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळले. आता वाट बघायची. पाणी थंड आहे तोवर टिश्यू कोरडे राहणार हे तिला ठाऊक होतं. सोनलने कोपऱ्यातल्या पॅन्ट्रीतून दोघींसाठी कॉफी आणली आणि पाय ताणून बसली. सोमवारपर्यंत हे असंच चालवते, मग हलकी कामं टाकते, ती म्हणाली, सर घाई करतात पण मी ऐकत नाही. ऐश्वर्याने विचारलं की काही झालंच तर काय. सोनलने केसांतली पेन्सिल काढून परत खोचली. "काही झालं तर सोनल आहे ना. ह्या खोलीत पंखा बंद पडला तरी माझंच नाव निघतं. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कोण बोलणार? तुमची वॉरंटी, तुमचं बिल. मी रोज समोर दिसते." ती हे तक्रारीने म्हणाली नाही. पावसाळ्यात कळव्याला पाणी भरतं, हे सांगावं तसं म्हणाली. ऐश्वर्या कॉफी प्यायली. तिच्या आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त जरा सरकल्यासारखं वाटत होतं. ती इतकी वर्षं त्या आवाजाकडे, त्या हसण्याकडे निशाणा धरून बसली होती, आणि पाणी नेहमी खालीच वाहतं ही साधी गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. अजून ब्लॉक उघडता आला असता. पाणी काढा, स्क्रू काढा, चांगली रिंग बॅगेतच आहे. सोनलला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. शंका आली म्हणून, एवढं पुरलं असतं. तिने कप धुतला, जागेवर ठेवला, आणि बॅग उचलली. जाताना सोनलने तिचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला, ताई लिहून.

रविवारी ती टिटवाळ्याला गेली. शहाड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींच्या जाहिराती होत्या, डोंगर, तरणतलाव, आनंदी कुटुंब. कलावती, तिची आई, देवळात गेली होती. अण्णा ओट्यावर भेंडीची शिरं काढत बसले होते. ती शेजारी बसली आणि तिने सांगून टाकलं. मी तिथे गेलेले अण्णा. माझी चूक नव्हती. नारळाचं पाणी गेलेलं आत, साहेब स्वतःच बोलले, हसत बोलले. अण्णांनी सुरी थांबवली नाही. आणखी दोन भेंड्या झाल्या. मग म्हणाले, "देवाच्या नारळाला कशाला नाव ठेवतेस? त्यापरीस माझे जोडलेले हात बरे." तिला वाटलं आता आपण ओरडू. पण तिने वेगळंच विचारलं, आणि विचारताना आपला आवाज लहान मुलीसारखा झाला आहे हे तिला ऐकू आलं.

"त्या दिवशी त्यांनी तुम्हाला चहा दिलेला?"

"दिलेला की," अण्णा म्हणाले. "बिस्किटं पण दिलेली. दोन का तीन."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. तांब्या तिला इतका स्पष्ट आठवत होता, पितळेचा, कडेला पोचा असलेला. त्या दिवशी घरी येऊन ते पाणी प्यायले होते हे खरं होतं. पण उन्हातून आलेला माणूस चहा पिऊन आला असला तरी पाणी पितोच. आणि अण्णांनी ती गोष्ट इतक्या पाहुण्यांना सांगितली होती की साहेबाच्या चांगुलपणासाठी त्यात चहा कधीतरी आपोआप शिरला असणं शक्य होतं, मग बिस्किटंही. किंवा आता तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी तो आत्ताच ओतला होता. तिने पुन्हा विचारलं नाही. जे उत्तर आलं असतं त्यावर तिचा विश्वास बसला नसता, होय आलं असतं तरी आणि नाही आलं असतं तरी. अण्णांनी भेंडीची पिशवी भरून तिच्या स्कूटरला अडकवली, आणि निघताना म्हणाले, साहेबाचं काम नीट केलंस ना? केलं, ती म्हणाली. ते तिने खरं सांगितलं. इतकं नीट काम तिने आजवर केलं नव्हतं.

सोमवार गेला. मंगळवारी गाळ्यात ती एका शाळकरी पोराच्या आईला समजावत होती की मशीन गरम होणं म्हणजे बिघडणं नव्हे, तेव्हा फोन थरथरला. सोनलचा मेसेज होता. त्यात आधी फोटो, टिश्यू पेपरचा, पांढरा आणि कोरडा. खाली लिहिलं होतं, ताई, एक थेंब नाही, मस्त काम. सरांनी मोठा रेंडर लावायला सांगितलंय, रात्रंदिवस चालेल, मशीन चांगलंच तापेल. मी तुम्हाला विचारल्याशिवाय लावणार नाही म्हटलं. फुल लोडवर टाकू का?

ऐश्वर्याने मेसेज उघडला. त्या बाई अजून काहीतरी विचारत होत्या. तिने त्यांना उत्तर दिलं, उरलेले सुटे पैसे परत दिले, दारापर्यंत सोडलं. मग काउंटरमागे येऊन बसली. दुपारी सुमितचा फोन आला, तो तिने घेतला आणि भाजी काय करायची ते बोलली. सोनलचा मेसेज तिने वाचला आहे हे सांगणाऱ्या दोन निळ्या खुणा कळवा, कोलशेत, जिथे कुठे सोनल असेल तिथे दिसत होत्या. चार वाजेपर्यंत उत्तर गेलेलं नव्हतं.